दिल्ली एका दिवसात उरकू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळीची सुट्टी संपली की नाशिकच्या शाळांतून दिल्ली-आग्रा सहलीची पत्रके घरोघरी पोहोचतात. मजकूर वर्षानुवर्षे तोच. एक दिवस आग्रा-मथुरा आणि एक दिवस ‘दिल्ली दर्शन’. त्या एका दिवसात कुतुबमिनार, लोटस टेंपल, इंडिया गेट, राजघाट, लाल किल्ला आणि उरलेल्या वेळात करोलबागेत खरेदी. क्रम ठरवतो बसचा चालक, तोही रहदारी बघून. मग सकाळी शहाजहान, दुपारी नवी दिल्लीचा वास्तुकार लुटियन्स आणि उन्हे कलताना कुतुबुद्दीन ऐबक अशी खिचडी मुलांच्या डोक्यात शिजते. परतल्यावर वहीत ‘इंडिया गेट हे स्वातंत्र्यसैनिकांचे स्मारक आहे’ असे वाक्य उतरते आणि त्यावर लाल शाईची बरोबर अशी खूणही होते. पालकांचे काही हजार रुपये आणि मुलांच्या दोन रात्रींची झोप यांच्या बदल्यात हे फारच थोडे झाले.

दिल्ली नीट दाखवायची तर तिला तीन दिवस द्यावेत आणि ती दक्षिणेकडून उत्तरेकडे, म्हणजे टेकडीवरून नदीकडे दाखवावी. राजधानी शतकानुशतके साधारण त्याच दिशेने सरकत गेली आहे. अरवलीची शेवटची शेपटी दिल्लीत शिरते, तिथले लोक तिला ‘रिज’ म्हणतात. दक्षिणेचा भाग उंच आणि खडकाळ, त्यामुळे तटबंदीला उत्तम आणि पाण्याला वाईट. तोमरांचा लालकोट आणि पृथ्वीराज चौहानांच्या नावाचा किला राय पिथौरा दोन्ही कुतुबमिनारच्या, म्हणजे मेहरौलीच्या बाजूला, यमुनेपासून बरेच लांब. म्हणून १२३०च्या सुमारास इल्तुतमिशला तिथे हौज-ए-शम्सी खोदावा लागला आणि पुढे अलाउद्दीन खिलजीला त्याच्या सिरी या शहरासाठी आज हौज खास म्हणतात तो तलाव. गियासुद्दीन तुघलकाने तुघलकाबादचा प्रचंड कोट उभारला, पण ते शहर काही वर्षांतच ओस पडले. त्याच्या मुलाने, महंमद तुघलकाने, १३२७मध्ये राजधानीच आपल्याकडे देवगिरीला आणली. दौलताबाद नाशिकपासून चार तासांच्या आत आहे. दिल्लीला जाण्याआधी एका रविवारी मुलांना तिथे न्यावे, अर्धा धडा तिथेच होतो. पुढे फिरोजशहाने १३५४मध्ये शहर थेट यमुनेच्या काठी नेले. हुमायून आणि शेरशहाचा पुराना किला नदीकाठी, शहाजहानचा लाल किल्लाही नदीकाठी. पुन्हा टेकडी चढले ते इंग्रज, रायसीनाची. पण तोवर पाणी नळाने येऊ लागले होते.

पहिला दिवस मेहरौलीचा. कुतुबच्या आवारात मार्गदर्शक मिनारची उंची सांगतात (७२.५ मीटर), पायऱ्या सांगतात (३७९) आणि पुढे चालू लागतात. मिनार थेट बघण्याआधी मुलांना शेजारच्या मशिदीच्या कमानींपाशी उभे करावे. ऐबकाच्या काळातली ही दगडी भिंत ११९९ची. लांबून कमान दिसते, पण जवळ जाऊन सांधे पाहिले तर दगड आडवेच रचलेले आहेत. एकावर एक थर थोडा थोडा पुढे सरकवत दोन्ही बाजू वर आणून भिडवल्या आहेत. मागणी कमानीची होती, पण हात इथल्या गवंड्यांचे होते आणि त्यांना ठाऊक होती ती देवळाची रीत. सिन्नरच्या गोंदेश्वराच्या मंडपात मान वर करून पाहिलेल्या मुलाला हे एका वाक्यात कळते, कारण तिथले छतही असेच थर सरकवत मिटवलेले आहे. मग त्याच आवारातल्या अलाई दरवाजापाशी यावे. तो १३११चा. तिथे दगड पाचरीसारखे तासून कमानीच्या वळणात बसवले आहेत, म्हणजे ही खरी कमान. दोन्हींत जेमतेम शंभर पावले आणि शंभराहून थोडी अधिक वर्षे. कागद-पेन्सिल देऊन दोन्हींच्या सांध्यांचे चित्र काढायला लावले तर पंधरा मिनिटांत काम होते आणि जन्मभर लक्षात राहते.

मशिदीच्या खांबांवर साखळीला टांगलेल्या घंटा कोरलेल्या दिसतात. २७ देवळांचे साहित्य इथे वापरल्याचे पूर्वेच्या दारावरच्या शिलालेखातच लिहिले आहे. शिक्षकांनी हे दडवू नये आणि त्यावर भाषणही ठोकू नये. खांब समोर आहेत, मुले पाहतात.

मिनारचे पाच मजले एकाने बांधलेले नाहीत. पहिला ऐबकाचा, पुढचे तीन इल्तुतमिशचे. १३६८मध्ये वीज पडून वरचा भाग मोडला तेव्हा फिरोजशहाने दुरुस्ती करून पाचवा चढवला. म्हणून वरच्या दोन मजल्यांत संगमरवर दिसतो आणि खाली नुसता लाल-पिवळसर वालुकाश्म. बाहेर हिरवळीवर एक एकटी छत्री उभी आहे. भूकंपात मिनारचा वरचा घुमट गेल्यावर मेजर स्मिथ नावाच्या इंग्रज इंजिनिअराने १८२८मध्ये ती वर बसवली होती. ती इतकी विजोड दिसली की १८४८मध्ये उतरवून खाली ठेवली. मुलांना ही गोष्ट फार आवडते. मिनारवर आता चढू देत नाहीत, कारण ४ डिसेंबर १९८१ रोजी आतले दिवे गेले, अरुंद जिन्यात चेंगराचेंगरी झाली आणि ४५ जण दगावले. त्यात बहुतेक सहलीला आलेली शाळकरी मुले होती. चाळीस मुलांना कोणत्याही जिन्यात किंवा बोळात एकदम का सोडायचे नाही, हे सोबतच्या शिक्षकांनी तिथे उभे राहून आठवावे.

लोखंडी स्तंभाभोवती आता कठडा आहे, पाठीमागून हात गुंफायचा खेळ १९९७पासून बंद. स्तंभ ७.२ मीटर उंच, वजन सुमारे ६ टन, मूळचा गुप्तकाळातला आणि दुसरीकडून आणलेला. त्याच्या न गंजण्यात जादू नाही. कोळशाच्या भट्टीतल्या त्या लोखंडात आजच्या पोलादापेक्षा फॉस्फरस बराच जास्त राहिला. त्यामुळे पृष्ठभागावर एक पातळ, घट्ट थर तयार होतो आणि आतल्या लोखंडापर्यंत ओल पोहोचत नाही. आयआयटी कानपूरच्या धातुशास्त्रज्ञांनी हे नीट उलगडले आहे. विज्ञानाच्या शिक्षकांना सहलीला नेण्याचे हे एक कारण.

दुसरा दिवस नदीकाठच्या तीन ठिकाणांचा आहे आणि ‘दिल्ली दर्शन’मध्ये नेमकी हीच गळतात. फिरोजशहा कोटला म्हटले की मुलांना क्रिकेटचे मैदान आठवते. मैदानाच्या शेजारी पडक्या किल्ल्यात तीन मजली चौथऱ्यावर अशोकाचा स्तंभ उभा आहे. तो दिल्लीचा नव्हे, हरियाणातल्या टोप्रा गावचा. फिरोजशहाने तो कसा आणला याचे वर्णन त्या काळच्या इतिहासकाराने करून ठेवले आहे. आधी पायथ्याशी सावरीच्या कापसाच्या गाद्या पसरल्या, त्यांवर स्तंभ अलगद आडवा केला. मग लव्हाळी आणि कातडी गुंडाळून ४२ चाकांच्या गाड्यावर चढवला, प्रत्येक चाकाला दोर लावून माणसांनी तो यमुनेपर्यंत ओढला आणि होड्यांवर टाकून दिल्लीला उतरवला. अखंड दगड, १३ मीटर लांब. वरचा लेख मात्र तेव्हाच्या पंडितांपैकी कोणालाच वाचता आला नाही. ती ब्राह्मी लिपी उलगडली १८३७मध्ये, जेम्स प्रिन्सेपने. नाशिकच्या मुलांना इथे एक फायदा आहे. पांडवलेण्यांत तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातला गौतमी बलश्रीचा लेख आणि दहाव्यातले नहपानाच्या जावयाचे, उषवदाताचे लेख त्यांच्या घराजवळ आहेत. लिपी तीच, काळ नंतरचा. निघण्यापूर्वी एक सकाळ पांडवलेण्यांत घालवून ब्राह्मीची दहा अक्षरे शिकवली तर कोटल्यात मुले अक्षरे ओळखू लागतात. मार्गदर्शक गप्प होतो आणि मुले बोलतात, असे व्हायला हवे. कोटल्याला गुरुवारी मात्र जाऊ नये. जिन्नांना, म्हणजे तिथे वास करतात असे मानल्या जाणाऱ्या अदृश्य आत्म्यांना, अर्ज लिहून लावणाऱ्या भाविकांची त्या दिवशी गर्दी असते. (ही प्रथा बघण्यासारखी आहे, पण चाळीस मुले घेऊन नव्हे.)

पुराना किल्ल्यात शेर मंडल नावाची अष्टकोनी इमारत आहे. तिच्या जिन्यावरून जानेवारी १५५६मध्ये हुमायून पडला आणि तीन दिवसांनी वारला. तिथून त्याच्या कबरीपर्यंत दोन-तीन किलोमीटर. कबर बांधवली त्याच्या बेगमेने, काम संपले १५७०च्या सुमारास, म्हणजे ताजमहालाच्या कितीतरी आधी. चारबाग (चार भागांत आखलेली बाग), उंच चौथरा आणि आत एक, बाहेर एक असा दुहेरी घुमट हे सगळे इथे आधी आले. सहल आग्र्यालाही जाणार असेल तर ही कबर आधी बघावी आणि ताज नंतर. उलट केले तर मुले ‘ताजपेक्षा लहान आहे’ एवढेच म्हणतात. राजधानी आणि मंगला या नाशिक रोडहून जाणाऱ्या गाड्या हजरत निजामुद्दीन स्थानकावरच संपतात आणि कबर तिथून अगदी जवळ आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी लाल किल्ला. इथे मुले हमखास विचारतात, ‘सर, एवढ्या मोठ्या किल्ल्यात महाल एवढेच?’ उत्तर सरळ आहे. १६३९ ते १६४८ या काळात शहाजहानने बांधलेल्या महालांपैकी बहुतेक इंग्रजांनी १८५७नंतर पाडले आणि तिथे पलटणीसाठी बराकी बांधल्या. मधल्या मोकळ्या हिरवळी पूर्वी अंगणे-दालने होती. पूर्वेच्या बाजूला महालांच्या मधून दगडी पाट गेलेला दिसतो, तो नहर-ए-बिहिश्त. त्याच तटाखाली यमुना वाहत असे. ती पूर्वेला सरकली आणि आज तिथून रिंग रोड जातो. आपण नाशिककर गंगेचा, म्हणजे गोदावरीचा, पूर दुतोंड्या मारुतीवर मोजतो, दिल्लीकर यमुनेचा पूर जुन्या लोखंडी रेल्वेपुलावर मोजतात. धोक्याची खूण २०५.३३ मीटर. जुलै २०२३मध्ये पाणी २०८.६६ मीटरवर गेले, १९७८चा विक्रम मोडला आणि नदी पुन्हा किल्ल्याच्या तटाला येऊन टेकली. नकाशावर हे दाखवले की नदी आपली जुनी जागा विसरत नाही हे मुलांना वेगळे सांगावे लागत नाही. रामकुंडावर त्यांनी तेच पाहिलेले असते.

एक चूक मोठमोठ्या वक्त्यांच्या तोंडीही असते. १५ ऑगस्ट १९४७ला नेहरूंनी लाल किल्ल्यावर तिरंगा फडकवला ही ती चूक. लाल किल्ल्यावरचे ते ध्वजारोहण १६ ऑगस्टचे. १५ तारखेला संध्याकाळी झेंडा फडकला तो इंडिया गेटजवळच्या मैदानावर.

आता मराठी मुलांना सांगायलाच हवे ते. दिवाण-ए-खासचे छत आज रंगवलेले लाकडी आहे, पूर्वी त्याला चांदी होती. ऑगस्ट १७६०मध्ये दिल्ली ताब्यात आल्यावर सदाशिवरावभाऊंनी ती चांदी उतरवून नाणी पाडली. फौजेचा पगार थकला होता आणि पैसा कुठूनच येत नव्हता. पानिपताच्या आधीची ही ओढाताण मुलांना त्या छताखाली जेवढी कळेल तेवढी पुस्तकात कळणार नाही. त्याच दालनात १८५८मध्ये बहादूरशहा जफरवर खटला चालला. मयूरासन त्याआधीच, १७३९मध्ये, नादिरशहाने नेले होते. १७७१मध्ये महादजी शिंद्यांनी दिल्ली घेतली, १७७२च्या जानेवारीत शाह आलम त्यांच्या संरक्षणात परत तख्तावर बसला, आणि ११ सप्टेंबर १८०३ला पटपडगंजच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेचा पराभव करून इंग्रज सेनापती जनरल लेक दिल्लीत शिरला. तीस वर्षांहून अधिक काळाचा हा हिशेब, आणि शाळेत तो दोन ओळींत संपतो. त्या लढाईचे स्मारक आज नोएडाच्या गोल्फ मैदानात आहे. सहलीत ते बसवणे अवघड, पण नकाशावर बोट ठेवता येते. १७३७च्या मार्चमध्ये बाजीराव दिल्लीच्या वेशीवर येऊन थडकले, त्या चकमकीचा परिसर रकाबगंज-तालकटोऱ्याचा. फेब्रुवारी २०२५चे ९८वे साहित्य संमेलन भरले ते तालकटोरा स्टेडियम तिथेच आहे.

किल्ल्यातून निघून दुपारी २६, अलीपूर रोडला जावे. डॉ. आंबेडकरांचे निधन ६ डिसेंबर १९५६ला याच जागी झाले. आज तिथे राज्यघटनेच्या उघड्या ग्रंथाच्या आकाराचे राष्ट्रीय स्मारक आहे, एप्रिल २०१८पासून खुले. २ मार्च १९३०ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह जिथे सुरू झाला त्या गावची सहल दिल्लीला जाऊन या जागी न जाता परतते, याला काय म्हणावे? पत्रकातून करोलबाग वगळा, वेळ आपोआप निघतो.

नवी दिल्लीसाठी तिसऱ्या दिवसाची उरलेली संध्याकाळ पुरते, कारण ती चालत बघायची आहे. राजधानी कलकत्त्याहून हलवण्याची घोषणा १२ डिसेंबर १९११ची, शहराचे उद्घाटन १३ फेब्रुवारी १९३१चे. उद्घाटनानंतर जेमतेम सोळा वर्षे इंग्रजांच्या हाती राहिले ते शहर. लुटियन्सने सगळे बांधले हा समज काढून टाकावा. राष्ट्रपती भवन आणि इंडिया गेट त्याचे, पण नॉर्थ आणि साउथ ब्लॉक हर्बर्ट बेकरचे, जुन्या गोल संसदेतही मुख्य हात बेकरचाच, आणि कॅनॉट प्लेस रॉबर्ट टॉर रसेलचे. लुटियन्स-बेकर यांचे भांडण मुलांना पायांनी कळते. इंडिया गेटपासून राष्ट्रपती भवनाकडे चालत निघा. लांबून घुमट आणि खांब दोन्ही दिसतात. जसजसे विजय चौकाजवळ येता तसतशी इमारत चढाआड बुडत जाते आणि शेवटी घुमटाचा वरचा भाग तेवढा उरतो. बेकरने आपल्या कचेऱ्याही टेकडीवर नेल्या, मधल्या रस्त्याचा चढ तसाच राहिला आणि आराखड्यावर सही करून बसलेल्या लुटियन्सला हे उशिरा कळले. तो जन्मभर धुसफुसत राहिला. बसमधून हे दिसत नाही.

इंडिया गेट ४२ मीटर उंच. वर ‘इंडिया’च्या दोन्ही बाजूंना रोमन आकड्यांत १९१४ आणि १९१९ ही साले कोरली आहेत. पहिले महायुद्ध आणि तिसरे अफगाण युद्ध यांत पडलेल्या, ब्रिटिशांच्या सैन्यातल्या हिंदी सैनिकांचे ते स्मारक. भिंतींवर १३ हजारांहून अधिक नावे आहेत. स्वतंत्र भारताच्या सैनिकांचे राष्ट्रीय समर स्मारक त्याच्या मागे, फेब्रुवारी २०१९पासूनचे. तिथल्या ग्रॅनाइटच्या वर्तुळाकार भिंतींवर सुमारे २६ हजार नावे आहेत, आणि अमर जवान ज्योत जानेवारी २०२२मध्ये तिथल्या ज्योतीत विलीन झाली. देवळाली आणि नाशिक रोडला तोफखान्याची केंद्रे असल्याने आपल्या वर्गांत फौजींची मुले असतातच. आपल्या ओळखीच्या नावासाठी त्यांना भिंत शोधू द्या, घाई करू नका. प्रवेशाला पैसे नाहीत. नव्या संसदेची त्रिकोणी इमारत मे २०२३ची, तिच्यात वापरलेले सागवान नागपूरचे. जुन्या गोल इमारतीला आता संविधान सदन म्हणतात, १४४ खांबांची. दोन्ही बाहेरूनच दिसतात. खासदारांच्या शिफारशीने आत जाण्याची व्यवस्था करायची तर निघण्याच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून ती होत नाही.

शेवटी सहली नेमक्या कशाने फसतात ते. लाल किल्ला सोमवारी बंद असतो, राष्ट्रीय संग्रहालय आणि लोटस टेंपलही. शनिवारी नाशिकहून निघणारी सहल सोमवारी किल्ल्याच्या दारात उभी राहते, हे दर वर्षी होते. रविवारी चांदणी चौकातली बहुतेक दुकाने बंद असतात. म्हणून सोमवारी नाशिक सोडावे आणि मंगळवार पोहोचण्यात गेला असे धरून बुधवार, गुरुवार, शुक्रवार हे तीन दिवस बघावेत. कोटल्याचा गुरुवार टाळायला तो भाग बुधवारी घ्यावा आणि मेहरौली गुरुवारी, कुतुब आणि हुमायूनची कबर रोज उघडी असतात. जामा मशीद बघायची तर शुक्रवारची दुपार सोडून.

डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत धुक्याने गाड्या सहा-आठ तास उशिरा धावतात, काही रद्दच होतात. दिवाळीनंतरच्या पंधरवड्यात तिथली हवा सर्वांत वाईट असते, दम्याची मुले त्या काळात नेऊच नयेत. जानेवारीचा उत्तरार्ध संचलनाच्या तयारीत जातो, कर्तव्यपथ आणि लाल किल्ला दोन्हींवर बंधने येतात. राहतो तो फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. थंडी उतरलेली आणि आकाश स्वच्छ. मुख्याध्यापक म्हणतील परीक्षा जवळ आहेत. आठवीचा वर्ग न्यावा, दहावीचा नको.

पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत १५ वर्षांखालील मुलांना तिकीट नाही, पण जन्मतारीख छापलेले ओळखपत्र गळ्यात हवे. नुसता गणवेश पाहून सोडत नाहीत. मोठ्यांची तिकिटे ऑनलाइन काढली तर स्वस्त पडतात आणि रांग टळते. मेट्रोने फिरायचे तर सकाळी दहानंतर आणि संध्याकाळी पाचच्या आत. प्रत्येक स्थानकावर बॅगा यंत्रातून जातात, चाळीस मुलांना त्यालाच पंधरा-वीस मिनिटे लागतात, तेव्हा पाठीवर दप्तर नको, पाण्याची बाटली आणि वही पुरे. दहा मुलांमागे एक शिक्षक ठेवावा आणि डब्यात चढताना शेवटी शिक्षकाने चढावे, आधी नव्हे. कुतुबमिनार नावाचे स्थानक मिनारपासून दीड-दोन किलोमीटर लांब आहे. तिथून रिक्षा कराव्या लागतात, याचे पैसे पत्रकात आधीच धरावेत, नाहीतर ते मुलांकडून तिथे रस्त्यावर गोळा करावे लागतात.

आपले,
इतिहास-भूगोल शिकवणारे काही शिक्षक, नाशिक